शरीर, मन आणि आत्मा: योगदर्शनाबद्दल नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळच्या योगवर्गानंतर चटया गुंडाळताना, संध्याकाळच्या योगसूत्र-वाचनात आणि मग रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरांचा मुख्य आधार पतंजलींची योगसूत्रं. हठयोग, गीता किंवा वेदान्त जिथे वेगळं सांगतात, तिथे तसं लिहिलं आहे.

१. योग म्हणजे आसनंच ना? आमच्या कॉलनीत तर सगळे त्यालाच योगा म्हणतात.

आसन हे आठ अंगांपैकी एक. यम (इतरांशी वागताना पाळायचे संयम), नियम (स्वतःला लावायची शिस्त), आसन, प्राणायाम, प्रत्याहार (इंद्रियं आत वळवणं), धारणा (मन एका जागी टिकवणं), ध्यान आणि समाधी अशी पूर्ण यादी आहे. योगसूत्रं १९५ आहेत (काही पाठांत १९६), आणि त्यांत आसनाबद्दलची सूत्रं फक्त तीन. त्या तिन्हींत एकाही आसनाचं नाव नाही. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे बसणं स्थिर हवं आणि सुखाचं हवं, इथून सुरुवात करून पतंजली लगेच प्रयत्न सैल करायला सांगतात.

आसनांचा विस्तार पुढे हठयोगाच्या ग्रंथांत झाला. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिकेत १५ आसनं आहेत, घेरंडसंहितेत ३२. आज आपण घालतो ते सूर्यनमस्कार त्याहून पुष्कळ अलीकडचे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा हिरिरीने प्रसार केला. म्हणून आसनं कमी दर्जाची ठरत नाहीत. २१ जूनच्या कार्यक्रमापुरती चटई अंथरणाऱ्यानेही सुरुवात केलेलीच असते. त्याने तिथेच थांबू नये, एवढीच इच्छा.

२. शरीर, मन आणि आत्मा यांचं नातं योगात नेमकं काय सांगितलं आहे?

हे उत्तर सावकाश वाचा, कारण पुढची बरीच उत्तरं यावर उभी आहेत.

आपण मनातल्या मनात एक वाटणी केलेली असते: शरीर बाहेरचं आणि जड, तर मन आणि आत्मा आतले, एकाच घरचे. योगदर्शनाची सीमारेषा दुसरीकडे आहे. सांख्यांची २५ तत्त्वांची मांडणी योगाने स्वीकारली. त्यात एका बाजूला पुरुष, म्हणजे केवळ पाहणारा साक्षी. उरलेली २४ तत्त्वं प्रकृतीच्या बाजूची. त्यांत पृथ्वी आणि पाणी आहे, हातपाय आणि डोळे-कान आहेत, आणि मन, अहंकार, बुद्धीही तिथेच आहेत. म्हणजे मन आत्म्याच्या घरचं नाहीच. ते शरीराचंच सूक्ष्म भावंड आहे. दोघंही सत्त्व, रज, तम या तीन गुणांचे बनलेले, दोघंही बदलणारे, थकणारे, सवयी लावून घेणारे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की शरीर आणि मन यांचा एकमेकांवर परिणाम होतो याचं नवल वाटायला नको. दुपारी वडाभात पोटभर झाल्यावर बुद्धीला जडपणा येतो आणि चिंता लागली की भूक मरते, कारण माल एकच आहे. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. ‘मला राग आला’ हे कळतं, तेव्हा राग ही पाहिली गेलेली वस्तू असते आणि कुणीतरी तिला पाहत असतो. गुडघा दुखतो हे जसं दिसतं, तसाच मनातला मत्सरही दिसतो. पाहणारा त्या दोन्हींहून वेगळा आहे, असं पतंजलींचं म्हणणं. द्रष्टा आणि दृश्य यांची गल्लत हेच दुःखाचं मूळ, असं ते योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात (प्रकरणात) स्पष्ट सांगतात.

म्हणून ‘शरीर, मन, आत्मा यांचा समतोल साधा’ हे जाहिरातीतलं वाक्य मला नेहमी अपुरं वाटतं. समतोल साधायचा तो शरीराचा आणि मनाचा. आत्म्याला काही जोडायचं किंवा सुधारायचं नाही. दृश्य निवळलं की पाहणारा आपल्या स्वरूपात राहतो.

३. पाच कोश म्हणतात ते काय? योगसूत्रांत का सापडत नाहीत?

कारण ते तैत्तिरीय उपनिषदातले आहेत. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय असा बाहेरून आत जाणारा तो क्रम. भृगू वडिलांकडे, वरुणाकडे, ब्रह्म विचारायला जातो. वडील उत्तर न देता त्याला तप करायला पाठवतात. तो आधी ‘अन्न हेच ब्रह्म’ असं ठरवून येतो, मग प्राण, मग मन, अशी त्याची समज खोल होत जाते. अन्नाला ‘खोटं’ म्हणून कुणी झिडकारत नाही. उलट ‘अन्नाची निंदा करू नये’ असं तिथे व्रत म्हणून सांगितलं आहे. ही वेदान्ताची मांडणी, प्रश्न २ मधली सांख्य-योगाची. शिकताना दोन्ही उपयोगी पडतात, पण एकीची तत्त्वं दुसरीत मोजायला गेलं की गोंधळ होतो.

४. मनाचा परिणाम शरीरावर होतो म्हणता, पण कसा? की ही नुसती बोलायची गोष्ट?

पतंजलींनी पहिल्या पादात साधनेतले नऊ अडथळे सांगितले आहेत. रोग, मरगळ, संशय, बेफिकिरी, आळस, भोगाची ओढ, चुकीची समजूत, टप्पा न गाठणं आणि गाठलेला न टिकणं. पुढच्याच सूत्रात त्यांचे सोबती येतात: दुःख, मन खचणं, अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्वासाची विस्कळीत लय. चित्त विस्कटलं की ते अंगात आणि श्वासात दिसतं, हे निरीक्षण तिथे सूत्रात बसवलेलं आहे. आणि लगेच दोन सूत्रं सोडून उपायही येतो: श्वास बाहेर सोडणं आणि थांबवणं यानेही चित्त प्रसन्न होतं.

यातला दुवा आजच्या शरीरशास्त्राच्या भाषेतही सांगता येतो. हृदयाचे ठोके, पचन, रक्तदाब हे आपल्या हुकमाने चालत नाहीत. श्वास मात्र दोन्हीकडचा आहे: आपोआपही चालतो आणि ठरवून बदलताही येतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, आणि यात व्हेगस मज्जातंतूचा मोठा वाटा असतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला विश्रांतीचा इशारा मिळतो. मिनिटाला साधारण सहाच्या आसपास संथ श्वास चालू ठेवल्यास हा परिणाम विशेष दिसतो. हे सगळं प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली ती याच ध्यासातून.

हठप्रदीपिकेत एका ओळीत हेच आहे: ‘चले वाते चलं चित्तम्’, वायू हलला की चित्त हलतं.

५. डोळे मिटले की विचार कमी व्हायचे तर वाढून राहिले आहेत. माझं काय चुकून राहिलं?

काहीही नाही. विचार वाढलेले नसतात, ते आता दिसू लागलेले असतात. एरवी सीताबर्डीच्या गर्दीत आपण स्वतःच विचारांबरोबर वाहत असतो, त्यामुळे त्यांची संख्या कळत नाही.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी (अवस्था) सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. यातला तिसरा ‘विक्षिप्त’ म्हणजे मधूनमधून टिकणारं आणि पुन्हा निसटणारं मन. बहुतेक साधक याच पायरीवर असतात, आणि तिथूनच वर चढता येतं.

करायचं एवढंच. पाठ सरळ ठेवून बसा. श्वास नाकपुडीशी जाणवतो तिथे लक्ष ठेवा. मन गेलं हे ध्यानात आलं की स्वतःवर न चिडता परत आणा. परत आणणं हाच अभ्यास. ‘मन न जाणं’ ही परीक्षा नाही. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, पण रोज. अर्जुनानेही मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं कठीण आहे अशी तक्रार केली, तेव्हा कृष्णाने ती खोडून काढली नाही. कठीण आहेच, पण अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं, असं म्हटलं. (वैराग्याबद्दल प्रश्न १२.)

डोळे मिटल्यावर विचारांऐवजी घबराट, जुना आघात डोळ्यांसमोर येणं किंवा आवाज ऐकू येणं असं काही होत असेल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. प्रश्न १५ वाचा.

६. सावजी सुटत नाही. मग योगाचा काहीच उपयोग नाही का?

उपयोग आहे, आणि हा प्रश्न नागपुरात विचारला जाणं साहजिकच आहे. योगसूत्रांत आहाराची यादी नाही. यमांमध्ये अहिंसा पहिली आहे, हे मात्र खरं. मांसाहाराचा विचार प्रत्येकाने तिच्या उजेडात प्रामाणिकपणे करायचा. मी स्वतः शाकाहाराच्या बाजूचा आहे. पण कुणाच्या ताटावरून त्याला वर्गाबाहेर काढणं हीसुद्धा एक हिंसाच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मांसाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी तिखटाचा प्रश्न उरतो. हठप्रदीपिका फार तिखट, आंबट, खारट, उष्ण पदार्थ टाळायला सांगते, आणि पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगते. सावजीची तर्री, मग ती मटणावरची असो की पाटोडीवरची, पोटात आग करते आणि रात्रीची झोप मोडते. झोप मोडली की सकाळचं ध्यान गेलंच. गीतेचा शब्द आहे ‘युक्ताहार’: फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. तेव्हा रविवारी दुपारी खाल्लं तर हात थोडा आखडता घ्या, रात्री हलकं घ्या, आणि आसनं जेवणानंतर चार तासांनीच करा. पुष्कळांना साधना मुरल्यावर जिभेची ओढ आपोआप कमी झालेली दिसते. जबरदस्तीने सोडलेलं सहसा दुप्पट जोराने परत येतं.

७. मे महिन्यात सकाळी सहालाच गरम होऊन जातं. साधना बंद ठेवायची का?

चालू असलेली बंद करू नका, पण नवी सुरुवात मे महिन्यात नको. घेरंडसंहितेत योगाभ्यासाचा आरंभ वसंत किंवा शरद ऋतूत करावा, ग्रीष्मात, पावसाळ्यात किंवा कडक थंडीत करू नये, असं सांगितलं आहे. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या गावात हा सल्ला किती नेमका आहे, ते वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात भस्त्रिका, सूर्यभेदन आणि जोरकस कपालभाती बाजूला ठेवा. सूर्यनमस्कार कमी आणि संथ. अनुलोम-विलोम, भ्रामरी, शीतली चालतात. शीतलीत जिभेची नळी करून श्वास तोंडाने आत घ्यायचा असतो. काहींची जीभ तशी वळतच नाही. त्यांनी दात मिटून सीत्कारी करावी, फळ तेच. पण तोंडाने घेतलेला श्वास नाकातून गाळून येत नाही, म्हणून गरम वाऱ्यात, धुळीत किंवा थेट कूलरच्या झोतासमोर बसून शीतली करू नका. दमा किंवा कमी रक्तदाब असणाऱ्यांनी ती टाळावी. पहाटे पाचचा सुमार सगळ्यांत चांगला. फुटाळ्याच्या काठी बसायचं तर तोच वेळ.

८. गुडघे वाकत नाहीत. खुर्चीत बसून ध्यान चालेल का?

चालेल. स्थिर आणि सुखाचं, एवढीच अट (प्रश्न १). पाय जमिनीला टेकलेले, पाठ खुर्चीला न रेललेली. गुडघे रेटून पद्मासनात बसलात तर ध्यान गुडघ्याचंच होईल.

९. मी देव मानत नाही. योग करता येईल का?

येईल. सांख्यांच्या मूळ मांडणीत ईश्वराला जागाच नाही. पतंजलींनी ईश्वर मानला, पण ‘ईश्वरप्रणिधानाद्वा’ (किंवा ईश्वराला शरण गेल्याने) असं म्हणताना ‘वा’ म्हणजे ‘किंवा’ हा पर्याय ठेवला. चित्त टिकवायला श्वास, मैत्रीभाव, एखादा वीतराग (आसक्ती सुटलेला) माणूस असे कितीतरी आधार त्यांनी पुढे सांगितले आणि शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, जे तुम्हाला मनापासून रुचेल त्यावर ध्यान, इथपर्यंत मोकळीक दिली. नियमांच्या यादीत मात्र ईश्वरप्रणिधान ‘किंवा’ न जोडता येतं, हेही सांगितलं पाहिजे. तिथे न मानणारे साधक ‘फळाचा हट्ट सोडणं’ एवढा अर्थ घेऊन पुढे जातात. मला त्यात काही गैर दिसत नाही.

१०. आम्ही बौद्ध आहोत, आत्मा मानत नाही. मग योगवर्गाला यावं की नाही?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न अगदी मनापासून विचारला जातो, तेव्हा उत्तरही गुळमुळीत नको.

फरक खरा आहे. पतंजली नित्य, न बदलणारा पुरुष मानतात. बुद्धाची शिकवण अनात्माची आहे, आणि बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना आत्म्याची कल्पना स्पष्टपणे नाकारली. ‘शेवटी सगळं एकच’ असं म्हणून हा फरक पुसणं दोन्ही परंपरांवर अन्याय आहे.

साम्यही तितकंच खरं आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार शब्द पतंजलींच्या पहिल्या पादात येतात: सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद, वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. हेच चार बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून ओळखले जातात. शील आधी आणि ध्यान नंतर हा क्रमही दोन्हीकडे सारखा. श्वासाकडे पाहण्याचा अभ्यास तर आनापानसती म्हणून बुद्धाच्या शिकवणुकीत फार तपशिलाने आला आहे.

व्यवहारात असं करा. आसनं आणि प्राणायाम कुणाच्याही मालकीचे नाहीत, निःशंक या. प्रार्थनेच्या वेळी शांत बसलात तर चालेल, ओंकार म्हटलाच पाहिजे अशी सक्ती कुठल्याही चांगल्या वर्गात नसते. प्रश्न २ मध्ये ‘राग दिसतो’ इथपर्यंत आपण बरोबर चालतो. ‘पाहणारा कोण’ हा प्रश्न तुम्ही तुमच्या परंपरेप्रमाणे सोडवा. केवळ ध्यानात रस असेल तर माहूरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. तिथे दहा दिवसांच्या शिबिराची सुरुवात आनापानानेच होते.

११. पतंजली म्हणतात पुरुष वेगळा आणि प्रकृती वेगळी. ज्ञानोबा म्हणतात सगळं एकच. खरं कोणाचं?

हा वाद पंडितांनी शतकानुशतकं घातला आहे, त्यामुळे मी फक्त साधकाच्या सोयीचं तेवढं सांगतो, निवाडा करत नाही. पतंजलींची रीत वेगळं करण्याची आहे: जे जे दिसतं ते ते मी नव्हे. ज्ञानदेव नाथपरंपरेतले. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानदेवांना मिळालेला तो वारसा, आणि त्याला अद्वैताची जोड. तिथे जग हे त्या एकाचंच विलसित आहे, टाकून द्यायचं काही नाही.

रोजच्या अनुभवात मला या दोन पायऱ्या वाटतात. राग चढलेल्या माणसाला ‘सगळं ब्रह्म आहे’ सांगून उपयोग नाही. त्याला आधी रागापासून बाजूला उभं राहता आलं पाहिजे. तसं उभं राहता आल्यावर समोरच्याशी वेगळेपण उरतं का, हे ज्याचं त्याने पाहावं.

१२. वैराग्य म्हणजे घरदार, नोकरी सोडायची का?

नाही. पतंजलींचं वैराग्य तहान सुटण्याबद्दल आहे, वस्तू सुटण्याबद्दल नाही. पाहिलेल्या आणि ऐकलेल्या सुखांमागे मन ओढलं जात नाही, आपल्या ताब्यात राहतं, ती स्थिती. एमआयडीसीतली पाळी सांभाळूनही ती येऊ शकते आणि जंगलात जाऊनही हुकू शकते. इथून जवळच पवनारच्या आश्रमात विनोबांनी कुदळ हातात घेऊन शेतीत घाम गाळला, पैशावाचून जगण्याचा प्रयोग केला. काम टाकलं नाही, कामाचं फळ टाकलं. गृहस्थाने सुरुवात छोटी करावी: जेवताना फोन बाजूला, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे एका निर्णयात तरी न विचारणं.

१३. ध्यानात पाठीत मुंग्या येतात, कधी उजेड दिसतो. कुंडलिनी जागी झाली का?

बहुतेक वेळा पाय दबल्याने नस अवघडलेली असते किंवा श्वास नकळत रोखलेला असतो. हे सांगताना कुणाचा उत्साह मारायचा नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं, म्हणजे शरीरात निजलेल्या शक्तीचं, अद्भुत वर्णन आहे. कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिलू वेटोळं घालून निजलं आहे, ही प्रतिमा एकदा वाचली की विसरत नाही. पण पतंजलींच्या योगसूत्रांत कुंडलिनी हा शब्दही नाही. ती हठयोगाची आणि तंत्राची भाषा आहे, आणि त्या परंपरा हा अभ्यास गुरूच्या नजरेखालीच करायला सांगतात. व्हिडिओ पाहून दीर्घ कुंभक (श्वास रोखणं) आणि बंध (स्नायू आवळून धरणं) करू नका.

उजेड दिसला तर दिसू द्या आणि श्वासाकडे परत या. सिद्धींबद्दलही पतंजलींचा इशारा असाच आहे: बाहेर वळलेल्या मनाला त्या सिद्धी वाटतात, समाधीच्या वाटेवर तो अडथळा असतो. डोकेदुखी, झोप उडणं, धडधड असं काही होऊ लागलं तर अभ्यास थांबवा, चाला, नीट जेवा, आणि डॉक्टरांना दाखवा.

१४. योगाने शुगर आणि बीपी बरं होतं ना? गोळ्या कधी बंद करायच्या?

गोळ्या बंद करायच्या की कमी करायच्या हे फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील. नियमित योगाने ताण उतरतो, झोप सुधारते, चालणंफिरणं वाढतं, आणि त्यामुळे शुगर-बीपी आटोक्यात ठेवायला मदत होऊ शकते. ‘अमुक आसनाने शुगर जाते’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून लांब राहा.

एक बारकावा फार थोड्या ठिकाणी सांगितला जातो. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी गोळी चालू असणाऱ्याने उपाशीपोटी जोरकस अभ्यास केला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. ‘योग रिकाम्या पोटी’ हा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला आणि खिशात साखर ठेवा. बीपी जास्त असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं नको. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन अशी डोकं खाली जाणारी आसनं नकोत.

१५. डिप्रेशनची औषधं चालू आहेत. मनाचा आजार तर मनानेच बरा व्हायला हवा, नाही का?

ताई-दादांनो, हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं असेल तर ते मनातून काढून टाका. प्रश्न २ पुन्हा पाहा: योगाच्या मते मन हे शरीराचंच भावंड आहे. शरीराला औषध चालतं, तर मनाला का चालू नये? पतंजलींच्या अडथळ्यांच्या यादीत पहिला शब्द ‘व्याधी’ आहे. व्याधी आधी निवारायची असते, तिला ध्यानाने हरवून दाखवायचं नसतं. औषध घेणारा साधक कमी साधक ठरत नाही.

औषधं चालू ठेवून हलकी आसनं, उघड्या डोळ्यांनी संथ श्वास आणि तेलंखेडीच्या बागेत फेरफटका हे चांगलं. उदासी दाट असताना तासन् तास डोळे मिटून एकटं बसणं मात्र उलट पडू शकतं. भास होणं, वास्तवाशी संबंध सुटणं, मोठा मानसिक आघात, बायपोलर आजार असं काही असेल तर दीर्घ मौन-शिबिरं मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत. जीव नकोसा वाटत असेल तर वाट पाहू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते.

१६. पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणी योग करावा का?

पाळीत विटाळ म्हणून योग वर्ज्य, असं योगसूत्रांत कुठेही नाही. त्या दिवसांत जोरकस कपालभाती, पोटावर ताण येणारी आणि उलटी आसनं टाळावीत, बाकी अंगाला झेपेल ते करावं. ध्यान तर नक्की करावं. गरोदरपणी डॉक्टरांची परवानगी आणि या कामाची जाण असलेली शिक्षिका, दोन्ही हवं. श्वास रोखणं आणि कपालभाती पूर्ण बंद.

१७. गुरू लागतोच का? आणि नागपुरात शिकायचं कुठे?

आसन-प्राणायामाला शिक्षक हवाच, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. तत्त्वज्ञान वाचून बरंच कळतं, पण संशय दूर करायला कुणीतरी आधी त्या वाटेने गेलेलं लागतं.

नागपूर या बाबतीत भाग्याचं गाव आहे. रामनगरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ पिढ्यान्‌पिढ्या लोकांना योग शिकवत आलं आहे. स्वामींनी योग घरोघरी, आणि तोही मोफत, पोचवण्याचा वसा घेतला. ‘यथाशक्ति निरन्तरम्’, जमेल तेवढं पण सतत, हे त्यांच्या श्लोकातले शब्द इथल्या कित्येक घरांत पाठ आहेत. रीतसर पदवीचा अभ्यास करायचा तर रामटेकला कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे.

शिक्षक पारखताना इतकं पाहा: ते तुमचे आजार विचारतात का, ‘नको’ म्हटल्यावर थांबतात का, आणि प्रश्न विचारला तर रागावतात का. औषध सोडायला लावणारा, घरच्यांपासून तोडणारा, एकांतात बोलावणारा किंवा न विचारता अंगाला हात लावणारा कितीही विद्वान असला तरी तिथून निघा. यम त्यालाही लागू आहेत.

१८. आईला डिमेन्शिया आहे, मला ओळखत नाही. मनच गेलं तर उरलं काय? आणि आता तिच्यासाठी योग कसला?

योगदर्शनाचं उत्तर प्रश्न २ मध्ये दडलेलं आहे. पतंजली चित्ताच्या पाच वृत्ती (व्यापार) सांगतात: प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवरची कल्पना), निद्रा आणि स्मृती. स्मृती ही वृत्तींपैकी एक, म्हणजे दृश्याच्या बाजूची. गुडघे झिजतात तशी तीही झिजू शकते. जो या सगळ्याचा साक्षी आहे तो स्मृतीवर अवलंबून नाही, असा या दर्शनाचा दावा आहे. हा दावा कुणी मोजून सिद्ध केलेला नाही. ती एक दृष्टी आहे. तिच्यावर विश्वास ठेवला तर आईशी वागणं बदलतं: तिच्यासमोर तिच्याविषयी ‘हिला काही कळत नाही’ असं आपण बोलत नाही.

आता करायचं काय. तिला सूचना देऊ नका, सोबत करा. तिच्या शेजारी बसून तिचा हात हातात घ्या आणि स्वतःचा उच्छ्वास थोडा लांबवा. पुष्कळदा समोरच्याचा श्वासही हळूहळू संथ होतो. हरिपाठ, बुद्धवंदना, लहानपणची ओवी, जे तिला पाठ होतं ते म्हणा. बाकी सगळं पुसलं तरी सुरातले शब्द बराच काळ टिकलेले दिसतात. बसल्या बसल्या हात वर-खाली, पंजे उघडझाप, एवढी हालचाल पुरे. बेचैनी दिसली की लगेच थांबा.

आणि तुमची स्वतःची साधना सोडू नका. सांभाळणाऱ्याला राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते, आणि दोन्हींनी तो खचतो. करुणा आणि उपेक्षा (प्रश्न १०) यांचा सराव इथे रोज लागतो: आईविषयी करुणा, तिच्या आजारामुळे निघालेल्या कडू शब्दांची उपेक्षा. भावंडांत पाळी वाटून घ्या, आणि तुमच्या पाळीनंतरची पहिली दहा मिनिटं प्रश्न ५ मधल्या अभ्यासाला द्या.